शेळीचं गाणं

धुरपताबाईनं लिंबाजीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो राखेत उकिडवा बसून तिला एक साधी गोष्ट विचारत होता.

अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. परभणी जिल्ह्यातल्या तिच्या गावातही तेच घडलं. गावाचं नाव इथं सांगत नाही. तिथल्या शाळेत आता दोन्हीकडची नातवंडं एका बाकावर बसतात. धुरपताबाईचं घर जळालं आणि एकुलता एक लेक सिताराम त्यात गेला. मग जीपगाड्या आल्या. कुणी भाषण केलं, कुणी ज्वारी दिली, कुणी तिचा हात धरून धीर दिला. सगळे तिला काहीतरी सांगत होते. पाठीला डफ अडकवलेला हा काटकुळा माणूस तेवढा खाली बसला आणि म्हणाला,

"माय, सिताराम भाईर आला व्हता म्हनं. मग परत आत कामून गेला?"

"शेळी बांधलेली व्हती, बापू. म्याच वरडले, शेळी र्‍हायली म्हून. अन् त्यो गेला."

जीपगाड्या निघून गेल्या तरी लिंबाजी सितारामचं आणि शेळीचं ऐकत तिथंच बसून होता.

लिंबाजी चुडाव्याचा. दिवसा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचा आणि बोलावणं आलं की जलसा घेऊन निघायचा. आवाज असा की मागं उभ्या असलेल्या म्हातार्‍याला वाटावं, हा माझ्याच कानाशी गातोय. नामांतराची सभा त्याच्या गाण्याशिवाय सुरू होत नसे. बिदागी घेत नव्हता, एसटीचं भाडं तेवढं घ्यायचा. तरी लोक बोलायचेच. गाणार्‍याचं काय, माईक बंद झाला की क्रांती बंद.

पुढच्या जयंतीला धुरपताबाईला सभेला नेलं, पुढं खुर्चीवर बसवलं. लिंबाजीनं डफावर थाप मारली आणि नवं गाणं उचललं:

भिंतीवरला बाप काढाया गेला,
जळत्या घरात सिताराम गेला.

बाप म्हणजे बाबासाहेब, हे कुणाला सांगावं लागलं नाही. तसबीर वाचवायला पोरगा आगीत शिरला, असं ते गाणं होतं. सगळं मैदान उठून उभं राहिलं. बायका रडत होत्या. धुरपताबाईला क्षणभर कळलंच नाही, हा कोणता सिताराम.

गाणं जिल्हाभर झालं. पाथरीपर्यंत पोरं ते म्हणत मोर्चात चालायची. आणि लोक तिच्या नव्या घरी येऊ लागले, ते हातात बाबासाहेबांचा फोटो घेऊन. हिचा फोटो आगीत गेला, तर आपण दुसरा द्यावा, या भावनेनं. लहान फोटो, मोठे फोटो, काचेचे, हार घातलेले. भिंतीला जागा उरेना तेव्हा तिनं ते ज्वारीच्या कणगीवर मांडले. बाबासाहेबांवर तिची श्रद्धा होती, ती रोज सगळ्या काचा पदरानं पुसायची. पुसता पुसता तिच्या डोळ्यांपुढं यायची ती एक कान पांढरा असलेली शेळी. आई मेलेलं ते करडू सितारामनं वाटीनं दूध पाजून वाढवलं होतं. शेळी कुणी आणली नाही. शेळीबद्दल कुणाला ठाऊकच नव्हतं. एका लिंबाजीला ठाऊक होतं, आणि त्यानं तीच गाण्यातून काढली होती. ह्या माणसाच्या पोटात काही हाय, का नुस्तं गळ्यातच, असं तिला वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. एकदा ताडकळसच्या बाजारात लिंबाजी मिरच्या घेताना दिसला. मिरच्या विकणारी कडूबाई त्याची थट्टा करत होती.

"शाहीर, ही लवंगी घ्या. आवाज आनखी चढंल."

"आधीच उतरंना झालाय, कडूबाई. बायकू घरात गाऊ देईना."

"तिला बी येक किलो न्या मंग."

तो हसत वळला आणि समोर धुरपताबाई उभी. त्याचं हसू गेलं.

"लिंबाजी, म्या तुला शेळी सांगितली व्हती," ती म्हणाली.

"व्हय माय."

"मग फोटो कुठून आनलास?"

त्यानं मिरच्यांच्या पिशवीचा बंद आवळला. "माय, शेळीसाठी कुनी उठून उभं र्‍हात न्हाई."

"माझा लेक शेळीसाठी मेला, तर कमी मेला का रं?"

कडूबाईनं तराजू खाली ठेवला. मान खाली घालून लिंबाजी म्हणाला, "जयंतीला ये. शेळीचं म्हनतो."

त्या वर्षीची जयंती मोठी होती. धुरपताबाई नेहमीसारखी मंचावर पुढच्या खुर्चीवर, अंगावर पांढरं लुगडं. बन्सीधर नावाचा तरुण कार्यकर्ता सभेचं सगळं पाहत होता. त्यानंच तिला हार घातला. दिवस अजून मावळायचा होता. लिंबाजीनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि डफ उचलला.

दावणीची शेळी सोडाया गेला,
जळत्या घरात सिताराम गेला.

मागं साथ करणारे अडखळले; सवयीनं त्यांच्या तोंडून जुनी ओळच निघाली. लिंबाजी एकटाच पुढं गात राहिला. मुक्या जिवासाठी जीव देणारा, वाटीनं दूध पाजणारा, पांढर्‍या कानाला कुरवाळणारा सिताराम. असं तो कधी गायला नव्हता. धुरपताबाईला तिचा लेक दिसू लागला, पार हातभर अंतरावर. तेवढ्यात मैदानातून कुणीतरी शेळीसारखं ओरडलं.

आधी थोडे लोक हसले. मग पुष्कळ हसले.

बन्सीधर तरातरा वर गेला. "लिंबाजीभाऊ, हे काय लावलंव? आमच्या शहिदाची टिंगल? कुनाचं खाऊन आलाव तुमी?"

"खरं तेच म्हनायलोय."

"खरं काय ते माय हितं बसलीय, तीच सांगंल." बन्सीधरनं माईक तिच्यापुढं आणला. "माय, सिताराम कशासाठी गेला आत?"

मैदानात अजून कुठंतरी हसू चालू होतं. ते लिंबाजीला हसत नव्हते. तिच्या लेकाला हसत होते, त्याच्या मरणाला. धुरपताबाई उठली. लिंबाजी तिच्याकडं पाहत होता, आणि त्याच्या चेहर्‍यावर विश्वास होता.

"फोटोसाठी," ती म्हणाली. "बाबासाहेबाच्या फोटोसाठीच गेला."

हसू थांबलं. टाळ्या झाल्या. लिंबाजीनं डफ काखेत मारला, माईकपाशी वाकून "आई म्हनती तेच खरं" एवढं म्हणाला आणि पायर्‍या उतरून गर्दीतून निघून गेला.

त्यानंतर त्याला बोलावणं आलं नाही. इकला गेला, असं लोक म्हणू लागले.

पावसाळ्याच्या तोंडाला ती चुडाव्याला त्याच्या घरी गेली. दारात सरजाबाई, लिंबाजीची बायको, तांदूळ निवडत होती.

"आता काय न्यायला आलाव?" सरजाबाई म्हणाली. "गळा व्हता, त्यो तं नेलाव."

"सरजे, च्या ठेव," आतून लिंबाजी म्हणाला. "बस माय."

धुरपताबाई उंबर्‍यापाशीच बसली. "म्या खोटं बोलले, लिंबाजी."

"मला हसले असते तं तू खरंच बोलली असतीस. त्याला हसले. मलाबी ऐकवंना झालं व्हतं."

"तू तं खरं गायलास."

"लय उशिरा गायलो. पयल्याच जयंतीला गायलो असतो, तं लोक शेळीसाठीबी उभे र्‍हायले असते. मलाच भरवसा नव्हता, लोकांचा."

चहा आला. तिनं बशीत ओतला, पण तोंडाला लावला नाही. मग ती म्हणाली, "मला एकटीला म्हनून दाखीव. शेळीचं."

लिंबाजीनं खुंटीवरचा डफ काढला, मांडीवर घेतला, बोटांनी नुसताच चाचपला. पहिली ओळ निम्मी म्हटली आणि थांबला. डफ परत खुंटीला अडकवला. जाताना वाटेत धुरपताबाईच्या लक्षात आलं की तिनं मारलेली हाक, जिच्यामुळं पोरगा आत गेला, ती ह्या माणसानं दोन्ही गाण्यांत कुठंच येऊ दिली नव्हती.

चौर्‍याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. गावोगाव फटाके वाजले. धुरपताबाईच्या घरी त्या दिवशी आणखी दोन फोटो आले.

लिंबाजी आता पूर्णेच्या एका बँड पार्टीत ताशा वाजवतो. लग्नसराईत वराती असतात आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका. मिरवणुकीत बँडवर सितारामचं गाणं हमखास वाजतं, जुनंच, फोटोचं. लिंबाजी लाल कोट घालून त्यावर ताशा वाजवतो. गात नाही.