देशातला मासा

आमच्या निवासी शाळेत बुधवारी मुलांना मासा असतो. शाळा कोल्हापूरजवळच्या उचगावच्या थोडी पुढं आहे. मी तिथं भूगोल शिकवतो आणि भोजन समितीतही आहे. वर्षभर बुधवारच्या ताटात एक पांढरा, बिनकाट्याचा तुकडा पडत होता. मुलं तो आवडीनं खायची. त्याला माशाचा वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर चवही नव्हती. एकदा स्वयंपाकघरात चहा पिता पिता मी त्याचं रिकामं पाकीट उलटून पाहिलं. खाली बारीक अक्षरात एका लांबच्या देशाचं नाव होतं.

मला अपराधी वाटायला फार काही लागत नाही. आंबा घाट उतरला की समुद्र, आणि आपण मुलांना परदेशातला मासा खाऊ घालतो! पाकिटं आली नाहीत तर एखाद्या बुधवारी मासळी बाजारातल्या मावशींकडून बांगडा यायचा. मावशी मूळच्या रत्नागिरीकडच्या, लग्न होऊन कोल्हापुरात आलेल्या. परदेशी मासा बंद झाला तर दर बुधवारची मागणी त्यांना मिळेल, असा माझा हिशेब होता. समितीत मी तळमळीनं बोललो आणि नियम झाला : शाळेच्या जेवणात देशातलाच मासा. मी आचाऱ्याला सांगितलं, "मावशींना कळवा, आता देशातलाच मासा पाहिजे. बाहेरचा अजिबात नको."

पुढच्या बुधवारी ताटात धरणातला कटला आला. त्याच्या पुढच्या बुधवारी चिलापी. मुलांच्या तोंडात काटेच काटे. मी विचारलं तर आचारी म्हणाला, "मावशी न्हाय म्हणाल्या की. शेजारच्या गाळ्यावरनं घ्या म्हणाल्या."

मी मनात खट्टू झालो. मावशींना एवढ्या मुलांचा माल जमत नसेल, किंवा आता नियम झालाय म्हणून भाव वाढवायचा असेल, असंही मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं. तसेच आणखी दोन बुधवार गेले. मग राहवेना, म्हणून बाजारात गेलो.

मावशी बांगडा साफ करत होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "पावणं, फुडं जावा. हितं सगळा परदेशी माल हाय."

शेजारचा कटलावाला हसला. "या सर, आमच्याकडं देशातला हाय. राधानगरीचं पाणी!"

मला काही कळेना. "मावशी, बांगडा परदेशी कसा?"

"मला काय इचारता? तुमीच निरोप धाडला न्हवं, देशातला पायजे, भाईरचा नको म्हणून? माजं लगीन झालं तवा म्हायेरची सगळी म्हणायची, पोर देशावर दिली. मी देशावर आली, पर मासा कोकणातलाच इकते. त्यो कसा चालंल तुमाला?"

दरवर्षी मी वर्गात नकाशावर बोट ठेवून शिकवतो : सह्याद्रीच्या पश्चिमेला कोकण, पूर्वेला देश. तरी माझ्या तोंडून तो शब्द निघाला, तेव्हा मला एकच अर्थ दिसला होता. मावशींना दुसरा दिसला, आणि त्यांच्या घरात तोच जुना होता.

"मला भारत म्हणायचं होतं," मी म्हणालो.

"मग भारत म्हणायचं की! रत्नागिरी काय दुबईत हाय व्हय?" त्या कोयता खाली ठेवून हसल्या. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "पर सर, समिंदरात भारत कुठपतोर असतोय?"

पुस्तकात हद्दीचं अंतर दिलंय. मी ते मुलांकडून पाठ करून घेतो. ते सांगितलं.

"आनि बांगड्याला म्हाईत हाय त्ये? थवाच्या थवा फिरतोय त्यो. काल तिकडं, आज हिकडं."

जिथं जाळ्यात सापडला तिथला, असं म्हणालो खरा, पण मलाच ते पटेना. शेजारच्या गाळ्यावरच्या चिलापीकडं लक्ष गेलं. तिचं मूळ आफ्रिकेतलं. कटलाही उत्तरेच्या नद्यांतला, इथल्या धरणात आणून सोडलेला. माझ्या नियमानं बांगडा हद्दपार करून यांना देशी ठरवलं होतं. हे कटलावाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, तुमी नगा सांगू असलं. गिऱ्हाईक बिचकतंय."

मी मावशींना म्हणालो, "चुकलं माझं. या बुधवारपासून पाठवा."

त्यांनी मान हलवली. "बुदवारचा माल आता एका खानावळीला लागला. शबुद दिलाय मी त्यास्नी. तुमची मागणी गेली तवा रिकामी बसू व्हय?"

आपल्या चांगुलपणानं कुणाचं नुकसान झालं, तर राग तरी कुणावर काढायचा? मी विचारलं, "शुक्रवारी जमेल?"

"जमंल. पर पयल्यांदा थोडाच धाडते. पोरास्नी बिनकाट्याची सवय लावलीया तुमी. पोरांनी टाकला तर मला खरं सांगायचं. ग्वाड बोलून सांभाळून घ्याचं न्हाय."

समितीत वार बदलायचा म्हणजे कारण सांगणं आलं. सांगितलं. सगळे पोट धरून हसले. मुख्याध्यापिकाबाईंचा शुक्रवारचा उपवास, त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी जेवणघरात येणार नाही, एवढंच."

पहिल्या शुक्रवारी मी मुलांच्या पंगतीत बसलो. बांगड्याचा मधला काटा सबंध कसा निघतो ते दाखवायला गेलो, आणि तो माझ्याच हातात मोडला. मुलं खिदळली. काहींनी चिवटपणे कोरून खाल्लं, काहींनी नुसता रस्सा-भात ओढला. जेवणं झाल्यावर मी खरकट्याच्या बादलीत डोकावलो. काट्यांना बरंच मांस तसंच होतं.

फोन हातात घेतला. 'मुलांना आवडला' म्हणणं सोपं होतं, आणि मावशींची मागणीही टिकली असती.

"मावशी," मी म्हणालो, "निम्मा टाकला मुलांनी."

पलीकडं बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"म्हंजे निम्मा खाल्ला की," त्या म्हणाल्या. "फुडच्या शुक्रवारी मोठा बगून धाडते. मोठ्याचं काटं हाताला लागत्यात."