बाई येईल, चालेल ना?

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवरून आत वळलं की केण्यांचं बैठं घर लागतं. घर जुनं आणि पुढचं अंगण ऐसपैस, पण तिन्ही बाजूंनी इमारती अशा उभ्या राहिल्या आहेत की भर दुपारी अंगणात सावली पडते. त्या इमारतींच्या जागी राघो केण्याने लहानपणी भात लावला होता, म्हणून तिथे राहणारे सगळे त्याच्या लेखी भाडेकरूच. आता तो अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'ती दोन नंबरची बिल्डिंग दिसते ना, तिथं आमची खाचरं' असं सांगतो. ऐकणाऱ्याला रिक्षा पकडायची घाई असते, राघोला कसलीच नसते.

या मालक माणसाच्या घरात कल्पिता सून होऊन आली ती टिटवाळ्याहून. तिच्या वडिलांचं तिथे हार्डवेअरचं दुकान. शाळा सुटली की ही दुकानात. गिऱ्हाईक हातात तुटका-फुटका तुकडा घेऊन यायचं आणि 'असलंच द्या' म्हणायचं, आणि ही नाव-माप न विचारता बरोबर त्या खणात हात घालायची. लग्नात तिने कपाटाबरोबर ड्रिल मशीनही आणलं. सासूबाईंनी, म्हणजे जयाने, खोका बघून ते मिक्सर समजून ओट्यावर मांडलं आणि पुढे आठवडाभर शेजारणींना कौतुकाने दाखवलं.

ते मशीन ओट्यावरून उतरलं विमलाबाईंमुळे. विमलाबाई दोन नंबरच्या इमारतीत एकट्या राहतात. शिक्षिका होत्या, अजूनही समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी ते सुधारतात. त्यांच्या न्हाणीघरातला नळ गळत होता आणि प्लंबर रोज फोनवर 'पाच मिनिटांत आलोच' म्हणत होता. आपल्याकडच्या प्लंबरांची पाच मिनिटं हा वेगळाच प्रकार आहे, त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण मलाही त्यांची गरज पडते. कल्पिता त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेली होती. तिने नळ ऐकला, घरून पाना आणला आणि चहा उकळेपर्यंत काम उरकलं.

"अगं, हे तू कुठे शिकलीस?" विमलाबाईंनी विचारलं.

"शिकले कुठे, काकू. बघून बघून येतं."

"मग फुकट करू नकोस. फुकटच्या कामाला कोणी काम म्हणत नाही. आणि मला नुसता नळ नको होता, दुपारच्या वेळी घरात कोणीतरी बिनधास्त आत घेता येईल असं माणूस हवं होतं. ते इथल्या प्रत्येक बाईला हवंय."

त्यांनी सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर चार शुद्ध ओळी लिहिल्या आणि कल्पिताचा फोन वाजायला लागला. पडद्याचा रॉड, गॅलरीतली जाळी, बेसिनखालचा पाइप, फ्लश टाकी, किरकिरणारं दार. वायरिंगच्या कामांसाठी विठ्ठलवाडीची रुपाली येऊ लागली. ती आयटीआय शिकलेली, पण कंत्राटदारांनी तिला ऑफिसात फोन घ्यायलाच बसवलं होतं. दोघी स्कूटरवरून सुटल्या की डोंबिवलीच काय, पार ठाण्यापर्यंत धडक मारायच्या.

ठाण्यातच एकदा त्यांची फजिती झाली. बाराव्या मजल्यावर एका गृहस्थाने दार उघडलं, दोघींकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे लिफ्टकडे पाहिलं आणि विचारलं, "मिस्त्री कुठे आहे?" मीच, असं कल्पिताने सांगितल्यावर तो म्हणाला की मिसेस घरी असताना या, आणि दार लावून घेतलं. मिसेस असती तर तिने काय वेगळं केलं असतं, देव जाणे. येताना रुपाली रस्ताभर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. कल्पितालाही राग आला होता आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली होती, आणि लाज का वाटावी या विचाराने आणखी राग येत होता.

त्या दिवसापासून तिने नियम केला. फोनवर पत्ता घेतला, काम समजून घेतलं, की शेवटी विचारायचं, "बाई येईल, चालेल ना?" समोरचा घुटमळला तर 'राहू दे' म्हणून फोन ठेवायचा. या एका प्रश्नाने बरीच कामं गेली, पण जी राहिली ती पक्की राहिली.

आता घरचं सांगतो. नवरा मितेश ठाण्याला कोर्टात नोकरीला. बायको काहीही दुरुस्त करते याचा त्याला एवढा अभिमान की घरात त्याने स्वतः बल्ब बदलणंही सोडून दिलं. अडचण होती ती राघोची. तो सुनेला टाकून बोलला असं कधी झालं नाही. पण तिची स्कूटर अंगणातून निघाली की हा मान वळवून इमारतींकडे बघायचा, आणि कोणी विचारलंच तर सांगायचा, "सून? घरीच असते."

"आबा, त्या कोपऱ्यातल्या गाळ्याचं काय ठरवलंत?" एकदा कल्पिताने धीर करून विचारलं. रस्त्याकडेचा तो गाळा बरेच दिवस बंद होता. तिचं सामान पलंगाखाली, माळ्यावर, जयाच्या तांदळाच्या पिंपामागे पोचलं होतं. अजून दोन बाया कामाला यायला तयार होत्या, पण त्यांना बसवायचं कुठे? गाळा मिळाला आणि त्यावर 'केणे घरदुरुस्ती' असा बोर्ड लागला, तर हा धंदा होणार होता. नाहीतर तो पलंगाखालीच राहणार होता.

"आपन इथले मालक," राघो म्हणाला. "मालकाचे सुनेने भाडेकरूंचे नल पिलायचे, आनि वर आपला नाव लावायचा? लोक काय बोलतील?"

जया तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी धवलारीन हाय. लोकांचे लग्नान जाऊन धवले गाते. मना बोलवतात म्हनून जाते ना? हिला पन बोलवतात."

"त्यो मान हाय. ह्यो काम हाय."

"कामाला बोलवतात त्यो पन मानच," जया म्हणाली.

जागृतीचं, म्हणजे राघोच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "लगीन होऊ दे, मग बघू," एवढं बोलून तो उठला. दरम्यान गाळा भाड्याने हवा असलेला एक डेअरीवाला दर रविवारी येऊन शटर वर-खाली करून जात होता, आणि ते कल्पिताला दिसत होतं.

लग्नाचा मांडव उभा राहिला. इमारतींमधले लोक मुहूर्तमेढ वाळूच्या बादलीत रोवतात, हे राघोला भलतंच खटकायचं. "बादलीन मेढ? मग लगीन पन बादलीनच लावा," असं तो म्हणायचा. उंबराची फांदी वाजतगाजत आली तेव्हा त्याने स्वतः पहार हातात घेतली. त्याच्या बापाने त्याच्या लग्नाची मेढ जिथे रोवली होती, बरोबर तीच जागा त्याने दाखवली. वर आता फरशा होत्या. त्याने फरशी उचकटली आणि या वयातही असा दणका घातला की बेंजोवाल्यांनी चाल बदलली. खड्डा झाला, मेढ उभी राहिली, बायकांनी पाणी घातलं. राघोचे डोळे भरून आले.

त्याच्या बापाच्या वेळी त्या जागेखाली फक्त माती होती. मधल्या काळात तिथून पालिकेच्या मीटरपासून टाकीकडे जाणारा पाइप गेला होता, आणि ते राघो साफ विसरला होता.

मेढीभोवतीची माती ओलीच राहिली. ती पूजेच्या पाण्याने ओली आहे असंच सगळ्यांनी धरलं. हळदीच्या दिवशी संध्याकाळी मांडवात पाहुणे मावेनात, चुलीवर मोठी पातेली चढलेली, आतल्या खोलीत बायका भाकऱ्या थापायला बसलेल्या, आणि टाकी कोरडी पडली. गावातला प्लंबर हळदीला आलेलाच होता. नाचता नाचता त्याला बाजूला घेतलं. त्याने ओली माती दाबून पाहिली आणि म्हणाला, "बाबा, पाइप इथंच फुटलाय. ही मेढ काढायला लागेल."

राघोचा चेहरा उतरला. लग्न लागायच्या आधी मेढ उपटायची, ही गोष्ट त्याला ऐकवेना. पाणी नसलं तर पाहुणे उपाशी, मेढ हलली तर पोरीच्या संसाराला अपशकुन. आणि पहार त्याच्याच हातची होती. तो मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिला. तिथे त्याने खिशातून फोन काढला. आत बायकांच्या खोलीत जाऊन सगळ्यांदेखत सुनेला हाक मारायची तर जीभ रेटेना.

कल्पिताच्या कोपरापर्यंत पीठ होतं. फोन जागृतीने तिच्या कानाला लावला.

"कल्पिता, आबा बोलतो. पानी नाय. पाइप फुटलाय, मेढीखाली."

"कळलं. मेढ काढायची गरज नाही आबा. दोन्ही बाजूंनी पाइप कापू आणि बाहेरून वळसा देऊन जोडू."

"जमेल?"

"जमेल." जागृती सांगते की वहिनीचा आवाज तेव्हा थोडा कापला होता. "पण आबा, मी सगळ्यांनाच विचारते ते तुम्हालापण विचारते. बाई येईल. चालेल ना?"

राघोला ऐकू आलं होतं. बेंजो जोरात होता तरी ऐकू आलं होतं. त्याने मांडवाकडे पाहिलं. तिथे व्याही होते, भाऊबंद होते, भाडेकरू होते. तोंडातल्या तोंडात तो 'चालेल' म्हणाला.

"काय? आबा, आवाज येत नाही."

"चालेल!" राघो बेंजोच्या वरताण ओरडला. नेमका त्याच वेळी बेंजोवाल्यांनी गाणं संपवलं. "आमची सून आली तर चालेल! तिलाच येऊ दे!"

सगळा मांडव वळून त्याच्याकडे बघायला लागला. जया आतून बाहेर आली आणि पदराआड हसली.

कल्पिता पिवळ्या साडीतच पदर खोचून आली. रुपाली पाहुणी म्हणून नटून आली होती, तिने बांगड्या काढून जागृतीकडे दिल्या. मीटरजवळचा कॉक बंद झाला, फरशा निघाल्या, मेढीच्या दोन्ही अंगांना पाइप कापला गेला. विमलाबाई खुर्ची ओढून अगदी पुढे बसल्या होत्या आणि सगळ्यांना शांत राहायला सांगत होत्या. राघो मोबाईलचा उजेड धरून उभा होता.

"आबा, इकडे धरा. हलवू नका."

त्याने निमूट धरला. उंबराला वळसा घालून चार काटकोनी एल्बोंनी नवा पाइप जोडला गेला, जोड सुकायला थोडी वाट पाहिली आणि मग कॉक उघडला. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा प्लंबरनेच पहिली टाळी वाजवली. मेढ तसूभर हलली नव्हती. राघोने कल्पिताच्या डोक्यावर हात ठेवला.

जागृतीचं लग्न थाटात झालं. पुढच्या रविवारी डेअरीवाला आला तेव्हा गाळ्याचं शटर उघडं होतं आणि राघो स्वतः आत झाडू मारत होता. बोर्ड त्याने रंगाऱ्याला समोर बसवून करवून घेतला. 'केणे घरदुरुस्ती' या अक्षरांमध्ये केणे जरा जास्तच मोठं आलं आहे, पण त्याला कोणी बोललं नाही. पाइपाचा वळसाही तसाच आहे. पुढच्या लग्नाला मेढ तिथेच रोवायची असं ठरलंय.

आता राघोची खुर्ची गाळ्यात असते. कल्पिता कामावर गेली की फोन तोच घेतो. पत्ता विचारतो, काय बिघडलंय ते नीट ऐकतो, आणि शेवटी मोठ्या आवाजात विचारतो, "आमची सून येईल. चालेल ना?" समोरचा घुटमळला, तर तो फोन ठेवत नाही. कोणाची सून, कुठली, हे सगळं त्याला पहिल्यापासून सांगत बसतो.