दुसऱ्या हाताची कात्री

चौकाजवळच्या त्या सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या, पण कारागीर एकच. तीस वर्षं सलूनवाल्याची कात्री आणि जीभ बरोबरीने चालत आली होती. बोलणं थांबलं की हात अडखळायचा. एकदा घसा बसला तेव्हा त्याने दोन दिवस दुकानच उघडलं नाही. "मुक्याने केस कापायचे म्हणजे गवत कापल्यासारखं वाटतं," असं त्याचं म्हणणं.

तो बडबड्या होता, पण चहाडखोर नव्हता. मानेभोवती कापड बांधलेल्या माणसाने सांगितलेली गोष्ट त्याने कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. कुणाचं दुखणं, कुणाचा मोडलेला संसार, सगळं त्याच्या पोटात होतं.

त्याची मुलगी सतरा वर्षांची. घरात सगळे तिला ठमी म्हणत. ती बॅडमिंटन खेळायची. तिचे केस जन्मापासून बापानेच कापले होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, दुपारची गर्दी ओसरली की ती येऊन खुर्चीत बसे. "बाबा, मानेवर बारीक हं. घामाने चिकटतात." मग आरशातल्या बापाकडे बघत ती आईलाही न सांगितलेल्या गोष्टी बोले. प्रत्येक सामन्याआधी आपल्याला उलटी होते, नळ सोडून ठेवते म्हणून आवाज बाहेर जात नाही, हे तिने याच खुर्चीत सांगितलं होतं.

"डॉक्टरांना दाखवू या का?"

"नको. एकदा होऊन गेली की मी वाघीण. तुम्ही फक्त कुणाला सांगू नका."

"माझ्या तोंडाला कुलूप."

"तुमच्या कुलपाची किल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाकडे असते, बाबा!" ती हसली, तसा तोही हसला.

मागच्या वर्षी ठमीने मोठ्या गटातलं विजेतेपद मिळवलं आणि वर्तमानपत्रांनी तिला 'सोनपरी' करून टाकलं. कपडे पिळत असलेल्या आईच्या तोंडापुढे मायक्रोफोन आले. पुढचं पदक कधी, त्याच्या पुढचं कधी, याची लोक तारखेसकट चौकशी करू लागले. एकदा ती उपांत्य फेरीत हरली, तर दुसऱ्या दिवशी मथळा आला: 'सोनपरीचे पंख गळाले?' त्या दिवशी ती जेवली नाही.

पुढच्या मोठ्या स्पर्धेला आठवडा उरला असताना एक पत्रकार दुकानात आला. त्याने ओळख लपवली नाही. मुलीची वाट बघत तासभर बाकावर बसून राहिला आणि मग गाल चोळत म्हणाला, "काका, तोवर माझी दाढीच करून टाका."

तो खुर्चीत बसला. सलूनवाल्याने कापड बांधलं, फेस केला, आणि तिथेच घात झाला. कापड बांधलं की त्याच्या लेखी माणूस गिऱ्हाईक होई. मग त्याचा धंदा कुठलाही असो. गिऱ्हाइकाचं आपण बाहेर सांगत नाही, तसं आपलंही गिऱ्हाईक सांगणार नाही, हे तो तीस वर्षं धरूनच चालला होता.

"लोक म्हणतात, तुमची मुलगी मशीन आहे," पत्रकार म्हणाला. "तिला भीती माहीतच नाही."

सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच थांबला. "मशीन? अहो, पोर आहे ती! प्रत्येक सामन्याआधी उलटी होते तिला. तरी तोंड धुऊन उभी राहते."

तिसऱ्या दिवशी छापून आलं: 'सोनपरीला भीतीची उलटी! वडिलांची कबुली.'

"आतला मजकूर तसा चांगला आहे हो," नेहमी दाढीला येणारा पोस्टमन समजूत घालत म्हणाला. पण आतला मजकूर वाचतो कोण? टीव्हीवर दोन माजी खेळाडू आणि एक डॉक्टर तिच्या पोटाची चर्चा करत बसले होते.

ठमी घरात एकच वाक्य बोलली. "बाबा, खुर्चीतलं होतं ते."

त्या स्पर्धेतला तिचा सामना सलूनमध्ये दहा-बारा जणांनी टीव्हीवर पाहिला. ती सर्व्हिसला उभी राहिली की प्रेक्षकांतून कुणीतरी ओकारीचा आवाज काढायचं आणि हशा पिकायचा. तिची तीन शटल जाळीत गेली. ती हरली. बाहेर येताच एकाने मायक्रोफोन पुढे केला. "आज उलटी झाली होती का?"

"नाही," ती म्हणाली. चेहरा कोरा.

खरंच झाली नव्हती. बाथरूमच्या दाराबाहेर कॅमेरा होता, म्हणून तिने ती गिळून टाकली होती. हे तिने आईला सांगितलं, आणि आईने त्याला.

ठमीने खेळ सोडला नाही. सोडू दिला नाही म्हणा. पुढची स्पर्धा ठरलेलीच होती. घरात बापलेकीचं बोलणं 'जेवलीस?' आणि 'हो' यावर येऊन थांबलं. तिच्या निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने कात्रीला तेल घातलं, पोस्टमनला परत पाठवलं आणि खुर्ची रिकामी ठेवली.

चार वाजता ती सरावाहून येताना दिसली. त्याने घाईघाईने खुर्ची फिरवली. "ये, मानेवर बारीक करतो."

"झाले कापून."

खांद्यावरची बॅग सावरायला ती वळली आणि त्याला तिची मान दिसली. डावीकडची केसांची रेघ बोटभर खाली उतरली होती.

"कुठल्या कसायाने कापले गं?" त्याने हसायचा प्रयत्न केला.

"तो बोलत नाही. म्हणून गेले."

"मीही नाही बोलणार. तेवढी रेघ सरळ करू दे."

ती बसली. त्याने कापड बांधलं. ती आरशात न बघता मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले आणि कात्री लावली. हात अडखळला. कानामागे रक्ताचा बारीक थेंब आला. ती हललीसुद्धा नाही.

"लागलं का गं?" त्याने तुरटी उचलत विचारलं.

"नाही," ती म्हणाली. मायक्रोफोनसमोर म्हणाली होती, अगदी तसंच.