दुकान सुलभाचं होतं

सुलभाला अजून एकाने जरी ‘आदर्श गृहिणी’ म्हटलं, तर मी ग्रुप सोडणार आहे.

आज सकाळी मिशिगनमधल्या ट्रॉयहून तिच्या मुलीचा, नेहाचा, फोन आला. “मावशी, आई इज गॉन.”

तासाभरात ग्रुपवर फुलं, जोडलेले हात आणि तेच ते. सुगरण. सोज्वळ. दिलीपरावांना आयुष्यभर मोलाची साथ.

साथ? कसली डोंबलाची साथ!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

एटीजमध्ये मिशिगनला आमचं डोनट शॉप होतं. एका मोठ्या डोनट कंपनीची फ्रँचायझी.
पार्टनर दोन. माझा नवरा अरुण आणि सुलभाचा नवरा दिलीप. दोघं एकाच ऑफिसात इंजिनिअर, मिशीला पीळ देऊन सगळ्यांना सांगायचे, “वी ओन अ बिझनेस.”

त्या बिझनेसमध्ये दोघांनी मिळून डझनभर डोनट तरी तळले असतील का, देव जाणे.

कंपनीचा नियम होता, जो दुकान चालवणार त्याने ट्रेनिंग घ्यायचं. यांना सुट्टी मिळेना. मग सुलभा गेली. मी काउंटर शिकले.

उघडण्याआधी दुकानात सत्यनारायण घातला. आमच्यातले एक काका पोथी वाचायचे. ते म्हणाले, “जोडप्याने बसा. पत्नीशिवाय पूजा पुरी होत नाही.”
बसलो. भरजरी साड्या नेसून, फ्रायरशेजारी घाम पुसत.

वकिलाकडे पार्टनरशिपच्या सह्या झाल्या, त्या दिवशी मात्र पत्नीशिवाय सगळं व्यवस्थित पुरं झालं.
आम्ही तेव्हा घरी पाहुण्यांसाठी पुऱ्या तळत होतो.

त्यानंतर रोज पहाटे, बर्फ असो नाहीतर काही असो, सुलभा गाडी काढायची. जवळच्या फॅक्टरीतले फर्स्ट शिफ्टचे लोक यायच्या आत ट्रे भरलेले असायचे. मुलांना शाळेत सोडून मी पोहोचायचे, तोवर तिचा अर्धा दिवस झालेला असायचा.

मी वैतागायचे. “अगं, बोर्ड त्यांचा, रेसिपी त्यांची, कप त्यांचे, वर दर महिन्याला रॉयल्टी त्यांची. यात आपलं काय?”

ती हसायची. “गिऱ्हाईक आपलं. ते काय कंपनीच्या तोंडाकडे बघून येतात?”

खरंच होतं. दारातून ओरडत यायचे, “मॉर्निंग, सू!” सुट्टीच्या दिवशी दिलीपराव काउंटरला उभे राहिले, तर विचारायचे, “व्हेअर्स द बॉस?”
दिलीपरावांना वाटायचं, जोक आहे.

मग अरुणला दूर दुसऱ्या राज्यात, चँडलरला नोकरी मिळाली. सेमीकंडक्टर. तो पार्टनरशिपमधून बाहेर पडणार, म्हणजे त्याचा अर्धा वाटा कुणीतरी घ्यायला हवा.

सुलभा म्हणाली, “मी घेते. माझ्या नावावर.”

कंपनीचा माणूस दुकान बघायला यायचा, तो एका पायावर तयार. म्हणाला, सू असेल तर आम्हाला प्रॉब्लेमच नाही.

प्रॉब्लेम कुणाला होता? घरच्यांना!

माझ्याच किचनमध्ये, माझ्याच हातचा चहा पीत दिलीपराव म्हणाले, “वहिनी, एकटी बाई काय बिझनेस चालवणार? आणि नवरा-बायको पार्टनर? लोक हसतील.”

मी म्हटलं, “आत्तापर्यंत कोण चालवत होतं? भुतं?”

अरुणने मला डोळ्यांनी गप्प केलं. नंतर म्हणाला, “त्यांच्या घरातला मामला आहे, विजू. आपण कशाला पडायचं?”

अरे, अर्धा वाटा तुझा होता! तुझी एक सही तिच्या बाजूने पडली असती, तर दिलीपला विचार करावा लागला असता. महिनाभर मी या माणसाशी धड बोलले नाही. काही उपयोग झाला नाही. दोघांनी मिळून एका परक्या माणसाला दुकान विकलं आणि वर आम्हाला सेलिब्रेट करायला डिनरला नेलं.

त्या टेबलवर सुलभाकडे बोट दाखवून दिलीपराव म्हणाले, “बघा, आता हिला आराम.”

(हो, अरुण शेजारी बसून हे वाचतोय. वाचू दे.)

दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा फोन. “विजू, येतेस? नवा मालक सातला येणार आहे. फर्स्ट शिफ्ट पाचला येते. ती माणसं उपाशी जातील गं.”

मी म्हटलं, “वेडी आहेस का? आता आपला काय संबंध?”
तरी गेले.

तिने पीठ मळलं, तळलं, ग्लेझ केलं. रोजच्यासारखी “मॉर्निंग, सू!” झाली. कुणालाच काही सांगितलं नाही तिने.

सातला नवा मालक आला. ट्रे भरलेले, कॉफी गरम, दाराबाहेर लाइन. बिचारा बघतच राहिला. तिने त्याला फ्रायर कसा सांभाळायचा ते दाखवलं, थंडीत पिठाला जास्त वेळ द्यायचा ते सांगितलं, हात धुतले आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

पार्किंग लॉटमध्ये गाडीचं दार लावलं आणि मग ती रडली. ओक्साबोक्शी. असं रडताना मी तिला तिच्या आईच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

“माझं दुकान गं, विजू. माझं दुकान.”

इतक्या वर्षांत दुकानाला ‘माझं’ म्हणताना मी तिला तेव्हा एकदाच ऐकलं. कायम ‘आपलं’ म्हणायची.

त्यानंतर तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्या रस्त्याने गाडीसुद्धा नेली नाही, लांबून वळसा घालून जायची. मी फोनवर या दोघांना शिव्या घालायला लागले की म्हणायची, “सोड गं, झालं ते.”

मी नाही सोडलं. आज तर अजिबात नाही सोडणार.

सुलभा, सावकाश जा. तिकडे तरी पहाटे उठू नकोस.

भावपूर्ण श्रद्धांजली.

तुझी पार्टनर,
विजू