इकडं सगळं बराबर

कुणाच्या घरी फौजी रिटायर होऊन येणार असला की आजकाल मला फोन येतो. मी कुणी साहेब नाही, सरकारी माणूस नाही. बदनापूरपासून तीन-चार किलोमीटरवरच्या गावात मोसंबीची बाग आणि दोन म्हशी सांभाळणारी बाई आहे. पण माझा नवरा बावीस वर्षं तोफखान्यात काढून हवालदार म्हणून घरी आला, आणि त्या पहिल्या वर्षात आमचं घर मोडता मोडता राहिलं, हे आसपासच्या फौजींच्या बायकांना एकमेकींकडून कळलेलं आहे. मागच्या आठवड्यात केदारखेड्याकडून एकीचा फोन आला. "ताई, त्यांचं पुढल्या म्हैन्यात येणं हाय. घरात काय तयारी करून ठेवू?" मी म्हणाले, "एक वाईट बातमी तयार ठेव." या बाईचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार. मग मी तिला आमची गोष्ट सांगितली. फोनवर सांगताना थोडी गाळली, इथं गाळत नाही.

फौजीच्या घरात एक नेम असतो. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला तो सांगितला होता. "पोरी, तिकडं वाईट कळवायचं न्हाई. ध्यान उडालं तर तिथं माणूस जातो." सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे घरात सांगणारे आबा आणि ऐकणारी मी. मी तो नेम असा पाळला की बस्स. दर रविवारी फोन यायचा आणि मी म्हणायचे, "इकडं सगळं बराबर हाय." विहिरीची कड ढासळली, बराबर. गाभण म्हैस मेली, बराबर. पोरीला डेंग्यू झाला, पाच दिवस जालन्याच्या दवाखान्यात सलाईनवर होती, तेव्हा जिन्यात उभी राहून मी सांगितलं की ती अभ्यास करत बसली आहे. सुट्टीवर यायचे तेव्हाही तेच. रोज गोडधोड, कोंबडं, पाहुण्यांची वर्दळ, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीच ताकीद. झाकली मूठ सव्वा लाखाची. खोटं कशाला बोलू, मला या कलेचा गर्व होता.

ते रिटायर होऊन आले तेव्हा गावानं स्टेशनपासून मिरवणूक काढली. ट्रॅक्टरवर उभं केलं, डीजे लावला, गुलाल उधळला. आमच्याकडं फौजेतला कुठलाही माणूस मेजरच असतो, त्यामुळे फलकावरही मेजर लिहिलेलं. पारावर शाल-नारळ झालं, भाषणं झाली. बोलणारा प्रत्येक जण शेवटी एकच म्हणाला, "मेजर, देशाची सेवा लई झाली, आता बिलकुल आराम करा." मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे कुदळ घेऊन निघाले तर गड्यानं हातातून ओढून घेतली आणि खुर्ची आणून दिली.

माणसाला आराम दिला की तो बसून राहतो, असा आमचा सगळ्यांचा समज. हे बसले नाहीत. पहाटे चारला उठून बांधाच्या कडेकडेनं फेऱ्या. आठ वाजेपर्यंत दाढी, बूट, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि मग पुढं काहीच नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं झालं. माझे डबे उंचीप्रमाणे लावले. हळद कुठं गेली ते मला दोन दिवस सापडेना. म्हशीच्या दाव्याला अशा गाठी मारल्या की गड्याला विळा घ्यावा लागला. मग चुना आणि गेरू आणला. छावणीत म्हणे सगळ्याला चुना आणि गेरूचा पट्टा असतो. अंगणातले दगड रंगले, तुळशीवृंदावन रंगलं, नळाचा ओटा रंगला. मी एका जागी फार वेळ उभी राहिले असते तर मलाही पट्टा मिळाला असता.

आणि मला या माणसाचा राग यायचा. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली त्याचा राग येतो म्हणून स्वतःचाही यायचा. ते दारातल्या खुर्चीवर बसलेले असायचे, मी आतून चहाला हाक मारायचे. एकदा, दोनदा, तीनदा. मान वळायची नाही. "साहेबांना मराठी कळंना झाली काय," असं मी मोठ्यानं म्हणायचे, तरी उत्तर नाही. मला वाटायचं, मोठेपणा अंगात भिनलाय. कपाटात मी त्यांच्यासाठी कप्पा रिकामा केला नव्हता आणि त्यांनी काळी पत्र्याची ट्रंक उघडली नव्हती. पलंगाखाली ती तशीच, कुलूप लावलेली. आम्ही दोघं एकमेकांकडं सुट्टीवर आल्यासारखे राहत होतो.

एक दिवस ते चुन्याची बादली घेऊन बागेकडं निघाले. मोसंबीच्या खोडांना पट्टे मारतो म्हणाले. बागेला तीन वर्षांपासून डिंक्या लागला होता. खोडाला चिरा पडतात, डिंक गळतो, साल सडते आणि झाड वाळतं. अडतीस झाडं तोडली होती मी. रांगांमधली भगदाडं त्यांना दिसली होती, तेव्हा मी सांगितलं होतं की झाडं म्हातारी झाली होती. आता खोडाजवळ बसले असते तर डिंक हाताला लागला असता. मी म्हणाले, "चुन्यानं मोसंबीला बुरशी येती, कृषीवाल्या साहेबांनी मना केलंय." त्यांनी बादली खाली ठेवली. खोटं इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं.

आणि त्याच बागेत मी काय करत होते? हे सकाळी चौकात चहाला गेले की मी गुपचूप जाऊन खोडं खरवडायचे, मोरचूद-चुन्याचा बोर्डो लेप लावायचे, हात धुवून ते यायच्या आत घरी. घरात एक धडधाकट माणूस कामावाचून तडफडतोय आणि त्याची बायको त्याच्यापासून लपून त्याच्याच बागेत राबतेय. पोरगी जालन्याहून कॉलेजच्या सुट्टीत आली होती. तिनं मला निळे हात घासताना पकडलं. म्हणाली, "आई, तू पप्पांना अजून सुट्टीवरच समजून राह्यलीस." मी तिला गप्प बस म्हणाले. तिचा गणिताचा पेपर राहिला होता, तोही पप्पांना सांगायचा नाही असं आमचं ठरलेलं होतं, त्यामुळे ती गप्प बसली.

पण खरं सांगायचं तर डिंक्या हे निमित्त होतं. एक धागा ओढला की सगळी शिवण उसवेल याची मला भीती होती. त्या शिवणीत आबा होते.

हे रिटायर व्हायच्या चार वर्षं आधी आबा गेले. अचानक, झोपेत, असं मी यांना कळवलं. हे बर्फातल्या ठाण्यावर होते. उतरून यायला चार दिवस लागले, तोवर राख सावडूनही झाली होती. येऊन त्यांनी केस काढले, दहावं केलं, परत गेले. आबा झोपेत गेले नव्हते. पोटाच्या दुखण्यानं सात महिने अंथरुणावर होते. त्यांनीच शपथ घातली होती, त्याला कळवायचं नाही. अख्ख्या गावाला माहीत होतं आणि अख्ख्या गावानं तोंड शिवून घेतलं होतं, हे घरी येऊन राहिले तरी. चौकात यांच्यासोबत चहा पिणारा प्रत्येक माणूस ते जाणून होता.

मग पुण्याची चिठ्ठी आली. यांच्या तुकडीतला एक जण तिथल्या कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो, त्यानं यांची जागा पक्की केली होती. एक तारखेला हजर व्हायचं. दुपारी मी आत गेले तर ट्रंक पलंगावर उघडी होती आणि हे त्यात शर्ट रचत होते. मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. ते तसं वाटलं हे मी नाकारणार नाही. परत रविवारचा फोन, परत बराबर, आणि आबांचं कधीच सांगावं लागणार नाही.

"जाताय म्हणा की," मी म्हणाले.

"मंग काय करू? तुमचं सगळं बराबर चालू हाय," ते शर्टाची घडी दाबत म्हणाले. "तुमचं चांगलं बस्तान हाय. मी आल्तो काय अन् न्हाई काय."

त्या 'तुमचं'नं मला असा चटका बसला की पुढचं मी ठरवून केलं नाही. त्यांच्या हातातला शर्ट घेतला, पलंगावर टाकला आणि म्हणाले, "बागेत चला."

पहिल्या रांगेतल्या एका झाडापाशी मी बसले आणि खोडावरची माती बाजूला केली. डिंक ओघळून वाळला होता. त्यांनी अंगठ्यानं साल दाबली, ती आत गेली.

"किती झाडं?"

"अडतीस तोडली. आन्खी साठेक झाडांना लागलंय."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

मला वाटलं भडकतील. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जागा झाल्यासारखा दिसला. ते एका झाडाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं जात राहिले. मग वळून म्हणाले, "आन्खी काय लपवलंय?"

मी म्हैस सांगितली. विहीर सांगितली. डेंग्यू सांगितला तेव्हा ते खाली बसले. पोरीच्या गणिताचं सांगितलं तेव्हा जरासे हसले. "आन्खी?" मी पदराचं टोक पिळत राहिले. "अगं, बोल की."

"आबा झोपेत न्हाई गेले," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. दुखणं कधी सुरू झालं, जालन्याच्या डॉक्टरनं काय सांगितलं, आबांनी शपथ कशी घातली. हे रविवारी फोनवर आबा कुठंयत विचारायचे तेव्हा आबा माझ्यासमोरच्या खाटेवर पडलेले असायचे आणि मी शेतात गेलेत म्हणायचे, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर ते हातातला डिंकाचा खडा चुरत बसले. मग विचारलं, "माझं नाव घ्यायचे का?"

याचं उत्तर माझ्याकडं चार वर्षांपासून तयार होतं. शांत गेले, कुणाची आठवण काढली नाही, समाधानी होते. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. जिभेवर आलंच होतं. आणि मला दिसलं की हे उत्तर दिलं तर हा माणूस पुण्याला जाईल, आणि तिथून कधी परत आला तरी पाहुणा म्हणूनच येईल.

"रोज घ्यायचे," मी म्हणाले. "शेवटचे दोन म्हैने. संध्याकाळच्या गाडीचा भोंगा झाला की इचारायचे, आला का. मी म्हणायची, सुट्टीचा अर्ज दिलाय, येतीलच. तुम्हाला फोन मी केला न्हाई. आबांच्या शपथेचं नाव पुढं केलं, पण मला भ्या वाटत होतं. तिथं तुमचं ध्यान उडंल, तुम्हाला काही होईल, मंग माझं काय. माझ्यासाठी न्हाई केला."

ते उठले आणि बागेच्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले. तिथं पाठ करून उभे राहिले. मी मागं गेले नाही. मला जाण्याचा हक्क नव्हता.

दिवस मावळायच्या आधी घरी आले. ओसरीवर माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तू फोन करायला पायजे होता."

"हो," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "मीबी कुठं सगळं सांगितलंय. डाव्या कानानं मला ऐकू येत न्हाई. तोफेपाशी राहून राहून गेला. सहा वर्षं झाली. तिकडंबी कुणाला बोललो न्हाई, घरीबी न्हाई." मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. दारातली ती खुर्ची, स्वयंपाकघराकडं डावी बाजू, माझ्या तीन-तीन हाका आणि वर ते टोमणे. मला रडू आलं. आबांचं सांगताना आलं नव्हतं, ते आता आलं.

एक तारीख आली आणि गेली. माफी वगैरे काही झाली नाही. पुढचे कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत, आणि मी ते सोसलं, कारण ते खरं होतं. पण सकाळी बोर्डोची बादली तेच उचलायचे. साठांपैकी काही झाडं वाचली, काही तोडली. ट्रंक रिकामी करून त्यात आता आम्ही पेंड ठेवतो. खुर्ची मी फिरवून ठेवली. अजूनही चार वाजता उठतात, अजूनही पाय एका जागी ठरत नाहीत, आणि परवाच गड्याशी गाठींवरून भांडले.

केदारखेड्याच्या बाईला मी यातलं बहुतेक सांगितलं. आबांचं ते रोजचं 'आला का' मात्र सांगितलं नाही. तिचा सासरा आजारी आहे असं ती बोलता बोलता म्हणून गेली होती, तेव्हा माझी जीभ अडखळली. फोन ठेवल्यावर मी अस्वस्थ होऊन अंगणात आले. हे दावं वळत बसले होते. काय झालं ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "परत लाव. आत्ता लाव. तिला म्हण, आजच कळव त्याला."

मी फोन लावत असतानाच लांबून संध्याकाळच्या गाडीचा भोंगा झाला. त्यांनी हातातलं दावं खाली ठेवलं आणि उजवा कान स्टेशनकडं केला. रोजच करतात. गाडी पुढं निघून जाईपर्यंत ते हलत नाहीत, आणि तोवर मी त्यांच्याशी बोलत नाही.