एक वाक्य परत घ्यायला आजऱ्याला

दर महिन्याला वीजबिल हातात पडलं की आधी तळाची रक्कम बघणाऱ्या आणि मग घरातल्या पंख्याकडे संशयानं बघणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे. वापर तेवढाच, घर तेवढंच, माणसंही तेवढीच, आणि रक्कम मात्र चढत्या भाजणीनं. त्यात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क अशी एकाखाली एक नावं, आणि ती समजावून सांगायला कुणी नाही. या विषयावर मी गेली अनेक वर्षं गावोगाव बोलतो आहे. दरवाढीवरचा माझा राग आजही उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण हा लेख कोल्हापूरहून आजऱ्याला केलेल्या एका फेरीचा आहे. शनिवारी गेलो, रविवारी परत आलो. माझंच एक वाक्य परत घ्यायला गेलो होतो.

गेल्या थंडीत आजऱ्याच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी बोललो. तुम्हाला माहीत असेल, पहिल्या शंभर युनिटांना दर कमी आणि त्यापुढे जवळजवळ दुप्पट. त्यावर मी म्हणालो, ‘शंभराची ही वेस गरिबाच्या उंबऱ्यावर घातली आहे. एकशे एकावं युनिट जळलं की मागच्या शंभरांनाही वरचा दर लागतो. एक पाऊल बाहेर, आणि अख्ख्या घराला दंड.’ टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाईलवर चित्रणही केलं.

परवा शाहूपुरीतल्या एका सभेसाठी मी तेच वाक्य घरात घोकत होतो. माझी बायको सुनंदा गणिताची निवृत्त शिक्षिका. ती शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती.

‘हे कुठं वाचलंत?’

‘सगळ्यांना माहीत आहे.’

तिनं हात पुसले, टेबलावरचं बिल उचललं आणि पालथं केलं. ‘सगळ्यांना माहीत असेल. इथं मात्र वेगळं लिहिलंय. वरचा दर शंभराच्या पुढच्या युनिटांनाच आहे. मागच्यांना कुणी हात लावत नाही.’

घरात चार कपाटं पुस्तकं आहेत. सगळी वाचलेली. हा एक कागद दर महिन्याला दारात येतो, त्याची मागची बाजू मी कधी वाचली नव्हती.

त्याच आठवड्यात सलीमचा फोन आला. सलीम माझा जुना विद्यार्थी, आजऱ्यात काजूच्या कारखान्यात देखरेखीचं काम करतो. बोलता बोलता हसत म्हणाला, ‘सर, तुमच्या भाषणानं आमच्या घरात क्रांती झाली. महिन्याचं रीडिंग सत्तरवर गेलं की अब्बा रजियाच्या मशीनच्या वायरीची पिन उघडून काढून ठेवतात. पुढचं रीडिंग होईपर्यंत मशीन बंद.’

रजिया म्हणजे त्याची बायको. घरात शिवणकाम करते. गुडघे दुखतात म्हणून तिनं दोन वर्षांपूर्वी पायमशीनला मोटार बसवून घेतली. ती मोटार महिन्यातले आठ-दहा दिवस माझ्या एका वाक्यामुळं बंद पडत होती.

‘फोनवर सांगून टाका,’ सुनंदा म्हणाली.

माईकवर बोललेलं फोनवर मागं घ्यायचं नसतं. निघालो.

शनिवारी सकाळी मध्यवर्ती स्थानकावरून निपाणीमार्गे आजऱ्याची एसटी पकडली. आधारकार्ड दाखवलं की मला अर्धं तिकीट, म्हणजे शंभराच्या आत काम होतं. उजवीकडची खिडकी धरा, सकाळचं ऊन लागत नाही. महामार्गाचं रुंदीकरण चालू असल्यानं कागलपर्यंत वळणावळणानं जावं लागतं, तेव्हा घाईचं काम असेल तर अर्धा तास जास्तीचा ठेवा.

शेजारी कारखान्याचा निळा शर्ट घातलेला गडी बसला होता. कागलला उतरून पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जाणारा.

‘पावणं, कुठवर?’

‘आजरा.’

‘लगीन हाय?’

‘नाही. एका घरी वीजबिलाचं काम आहे.’

‘बिलाचं नाव काढू नगासा. आमच्या कारखान्यात एकेक मशीन असलं हाय, चालू झालं की अख्ख्या गल्लीची लाईट खातंय. आणि घरात आमची आई, पोरगी अब्यासाला बसली तरी लाईट घालवती. शंभरच्या वर गेलं की सगळीच युनिटं डबल, म्हणती.’

‘त्यांना कुणी सांगितलं?’

‘मोबाईलवर आलतं की. कुठला तर मास्तर हाय. हात नाचवून बोलत हुता.’

मी हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं म्हटलं, ‘तो मास्तर मीच.’

त्यानं वाकून तोंड न्याहाळलं. ‘व्हय की. व्हिडिओत फेटा हाय तुमच्या डोक्यावर, म्हणून वळखलं न्हाय.’

त्याला खरं काय ते सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मग आदी बघून का न्हाय बोलला? आई रोज पोरीवर खेकसती.’ आणि त्यानं खिशातून मोबाईल काढला. ‘आता हे बी बोला. फेटा नसला तर चालतंय.’

हलत्या एसटीत, बिनफेट्याचा, मी ते पुन्हा बोललो. कागलला उतरताना तो म्हणाला, ‘आईला दावतो. पटलं तर पटलं.’

निपाणीला गाडी पंधरा मिनिटं थांबली. हे कर्नाटक. पाट्या बदलतात, चहाची चव तीच राहते. दहा रुपयांत कप, भजी गरम असली तरच घ्या. निपाणी सोडली की रस्ता चढू लागतो. उत्तूरच्या पुढं ऊस विरळ होत जातो आणि उतारांवर काजूची झाडं दिसू लागतात. चैत्राचे दिवस, झाडांवर लाल-पिवळी बोंडं लटकलेली, उघड्या खिडकीतून त्यांचा आंबूस वास येत होता. या रस्त्यावर मोबाईल खिशात ठेवा आणि बाहेर बघा.

आजऱ्याला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. सलीम फटफटी घेऊन उभा होता. त्याचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत अब्बांचं टेबल. अब्बांनी उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात घालवली. आता गिऱ्हाईक कमी, पण टेबल, चिमटे आणि डोळ्याला लावायचं भिंग जागच्या जागी आहे. त्याच भिंगानं ते रोज सकाळी नमाजनंतर मीटर वाचतात आणि शेजारच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहितात. एकाखाली एक, सरळ रांगेत. मध्ये एक लाल रेघ होती, ती सत्तर युनिटांची. तिच्याखालीही आकडे सुरू झाले होते.

‘या मास्तर,’ अब्बा म्हणाले. ‘तुमचं ऐकलं आणि घर शिस्तीला लागलं बघा.’

आतल्या खोलीत मशीनवर चादर टाकलेली होती. रजिया पाणी घेऊन आली. तिच्या बोलण्यात आडपडदा नव्हता. ‘सर, तुम्ही टाळ्या घेऊन गेला आणि माझी पिन गेली.’

मग तिनं सगळं सांगितलं. गडहिंग्लजच्या एका दुकानदाराकडं शाळेच्या गणवेशांचं काम होतं. जूनपर्यंत रोज शिलाई. त्याला आज संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे होतं. ‘तो म्हणतो, महिनाभर मशीन चालणार असेल तर बोला. वीस दिवसांची बाई मला नको. पायानं मारायला गुडघे ऐकत न्हाईत. आता काय सांगू त्याला?’

मी तोंड उघडलं, तर अब्बांनी हात वर केला. ‘जेवल्याबिगर बिलाचा विषय न्हाय.’

जेवणाबद्दल चार ओळी लिहिल्याच पाहिजेत. घनसाळ तांदळाचा भात शिजत असतानाच त्याचा सुवास गल्लीत जातो. सोबत ओल्या काजूची उसळ. या दिवसांत आजऱ्याला गेलात तर खानावळीत आवर्जून विचारा, ओला काजू हंगामापुरताच असतो. मी दोनदा भात घेतला. तिसऱ्यांदा घेतला नाही, कारण पुढं बोलायचं होतं.

हात धुतल्यावर मी अब्बांसमोर बसलो. ‘अब्बा, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. शंभराच्या वर गेलं तरी मागच्या शंभरांचा दर बदलत नाही. वरच्या युनिटांनाच तो लागतो.’

अब्बांनी आधी भिंतीवरच्या लाल रेघेकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘स्टेजवर भरल्या सभेत एक बोललास. आता चार माणसांत दुसरं बोलतोस. सलीमनं बोलावून आणलंय तुला.’

‘अब्बा, मी न्हाय बोलावलं,’ सलीम म्हणाला.

‘तू गप. मास्तर, त्यावेळी बघून बोलला हुतास?’

‘नाही.’

‘आणि आता?’

‘बघून.’

‘आमच्या धंद्यात,’ अब्बा सावकाश म्हणाले, ‘झाकण न उघडता घड्याळाचं दुखणं सांगणाऱ्याला आम्ही टेबलाला हात लावू देत न्हाय.’

मी म्हटलं, ‘मग आपण झाकण उघडू या.’

अब्बा जुनी बिलं तारेला अडकवून ठेवतात. गेल्या मे महिन्यात पाहुणे आले होते, तेव्हाचं एकशे बारा युनिटांचं बिल सलीमनं काढलं. कपडा बेतायच्या टेबलावर ते पालथं घातलं. अब्बांनी भिंग डोळ्याला लावलं आणि मागचा तक्ता एकेक ओळ, बोट ठेवून वाचला. रजियानं बेतायचा खडू घेतला. शंभर युनिटं खालच्या दरानं, बारा वरच्या दरानं, टेबलाच्या काळ्या रेक्झिनवर गुणाकार मांडला. मग पुढची बाजू उलटून वीज आकाराच्या रकान्यात बघितलं. आकडा तोच निघाला.

‘पुन्हा कर,’ अब्बा म्हणाले.

तिनं पुसून पुन्हा केला. तोच आला.

आता खरी गंमत अब्बांच्या भिंतीनं केली. रजिया खडू घेऊन तिथं गेली. ‘अब्बा, हे तुमचेच आकडे. मशीन चालू असलेले दिवस हे. पिन काढलेले हे. दिवसाला फरक किती?’

अब्बांनी भिंगातून भिंत पाहिली. अर्धं युनिट. काही दिवशी तेवढंही नाही. महिन्याचे उरलेले दहा दिवस मशीन चाललं तर पाच युनिटं, वरच्या दरानं धरली तरी एका गणवेशाच्या शिलाईत भागतात.

अब्बा उठले, टेबलाच्या खणातून घड्याळांच्या सुट्या भागांचा डबा काढला. त्यात पट्टे, काटे, काचा, आणि मधोमध ती पांढरी पिन. डोळ्याला भिंग, हातात घड्याळाचा बारीक पेचकस, त्यांनी मशीनच्या वायरीला पिन स्वतः जोडली. एकेक स्क्रू दोनदा तपासला.

‘चालव,’ ते रजियाला म्हणाले. आणि मशीनचा आवाज आल्यावर, खालच्या आवाजात, ‘पोरी, तुझे बरेच दिवस खाल्ले मी.’

‘तुमी न्हाय,’ रजिया म्हणाली, ‘सरांनी.’ पण हसत म्हणाली. मग गडहिंग्लजला फोन लावला. ‘भाऊ, महिनाभर चालणार मशीन. कापड पाठवा.’

मला वाटलं, सुटलो. अब्बा टोपी घालून दारात उभे होते. ‘चल. जिथं बोललास तिथं.’

संध्याकाळी वाचनालयात आठ-नऊ माणसं वर्तमानपत्रं वाचत होती. माईक नव्हता, हारही नव्हता. मी उभा राहून चार वाक्यं बोललो. माझी चूक कुठली, खरं काय, आणि ते कुठं लिहिलंय. दरवाढीवरही बोललो, कारण ती अन्यायाची आहे हे माझं मत तसंच आहे आणि तसंच राहील. फरक एवढाच, की ज्या कागदाविरुद्ध लढायचं तो दोन्ही बाजूंनी वाचून लढायचं. एक गृहस्थ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘आमच्यात बी पाण्याची मोटार संध्याकाळी बंद ठेवत्यात. बघतो आज.’ टाळ्या पडल्या नाहीत. अब्बांनी मान डोलावली, तेवढी पुरली.

रविवारी सकाळी सलीमनं रामतीर्थाला नेलं. हिरण्यकेशीचं पाणी उन्हाळ्यानं कमी झालेलं, पण खडकांवर पाय सोडून बसायला जागा छान आहे. गावापासून जवळ, खर्च काही नाही. दुपारच्या गाडीनं निघालो तेव्हा पिशवीत दोन किलो घनसाळ आणि किलोभर काजू होते. पैसे घ्यायला सलीम तयार होईना, अब्बा म्हणाले, ‘घे त्याचे पैसे. चूक केल्याचा दंड समज.’ निघताना भिंतीकडं नजर गेली. लाल रेघ पुसलेली होती. आकडे मात्र पुढं चालू होते, त्या सकाळचाही लिहिलेला. सवय अब्बांची आहे, ती भीतीआधीपासूनची.

घरी आल्यावर सुनंदानं विचारलं, ‘घेतलं परत वाक्य?’ मी म्हटलं, घेतलं, आणि येताना तांदूळ आणला. तिनं भात टाकला. वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला तेव्हा मला रजियाच्या मशीनचा आवाज आठवत होता. माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा तो आवाज जास्त दिवस चालणार आहे.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्याही घरात कुणीतरी शंभराला भिऊन पंखा घालवत असेल, कुणाची तरी पिन कुठल्या तरी डब्यात पडली असेल. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी एकदा चुकलो आहे. तारेला अडकवलेलं शेवटचं बिल आज काढा, पालथं घाला, आणि त्यामागचा दरांचा तक्ता घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.