बाजारात हरवलेला घोव

आमच्या धामापूरच्या फुगडी मंडळात गाणी कमी आणि किस्से जास्त! जमतो सरावाला, पण अर्धा वेळ हसण्यातच जातो.

माझाच किस्सा घ्या. मी लग्न होऊन पुण्याहून आले. पहिल्याच चतुर्थीला कमलकाकीने फुगडीच्या गाण्यात माझं नाव घेऊन माझ्या भाकऱ्यांची खिल्ली उडवली. मी रडकुंडीला आले. तर काकी म्हणते, "रडतस कित्याक गो? जबाब दी!" इथली रीतच ती. गाण्यातून चिडवलं की गाण्यातूनच उत्तर द्यायचं, तेही उभं राहून. त्या दिवशी मी या गावची झाले.

काकीची खरी जोडी तिच्या नणंदेशी. नणंद गायची, "घोव गेलो बाजारात, गजाली मारता दारात!" घोव म्हणजे नवरा, गजाली म्हणजे गप्पा. काकीचा नवरा म्हणजे हिचाच सख्खा भाऊ, पण गाण्यात नातं कोण बघतंय!

गेल्या वर्षी नणंद गेली. काकीने गाणं सोडलं, दुखऱ्या गुडघ्याचं ठरलेलं ऑपरेशनही टाळलं. "उभी रवान करू काय? समोर कोण आसा?"

यंदा मंडळातल्या रोझी टीचरने मोबाईलवर एक गाजलेलं गाणं लावलं. गाणारी मुंबईची पोरगी, आजोळ कसालचं. धडाधड बीटवर म्हणते, "घोव गेलो बाजारात, रील बघता दारात!" आम्ही उडालोच. रोझी म्हणाली, "आमच्या ख्रिश्चनांच्या लग्नातल्या गाण्यांतसुद्धा हो घोव आसा. अजून बाजारातच!"

चतुर्थीला मांडवात तेच गाणं लागलं. ओळ संपली, नुसता बीट राहिला, आणि खुर्चीतल्या काकीने थेट लाऊडस्पीकरकडे हात करून फेकलं, "माझो घोव घराक इलो, तुझो गो खंय हरवलो?"

मग गाणं संपेपर्यंत थांबली. "जबाब नाय! हरली गो ती!"

रोझी म्हणाली, "काकी, बसान दिलेलो जबाब धरूचो नाय हां!"

वर्षाने काकीचा आवाज ऐकला. त्या अनोळखी पोरीचे मी मनापासून आभार मानले आणि मोबाईलवर घेतलेला काकीचा व्हिडिओ तिलाच पाठवून दिला.

थोड्या दिवसांत तिचा व्हिडिओ आला. काकीच्या ओसरीवर सगळ्यांनी मिळून बघितला. पोरगी उभी राहून, कमरेवर हात ठेवून गात होती, "काकी, माझो गावलोच नाय, तुझ्याकडे झील आसा काय?"

काकीचा झील, म्हणजे मुलगा नंदू, लग्नाचाच. बाजूला नारळ सोलत बसलेला, कानापर्यंत लाल झाला! आमची हसून मुरकुंडी वळली.

काकी मात्र हसली नाही.

"नंदू, गाडी काढ रे. डॉक्टराक सांग, गुडघो करून टाकूया. हिका जबाब उभ्यानच देवक व्हयो."